पुन्हा हौशी

२०२४ च्या एप्रिलचा पहिला आठवडा. बडोद्यात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि मी फुटबॉलच्या मैदानाच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत एका स्थानिक क्लबकडून नोंदणी करायला बसलो होतो. कोपऱ्यात जाळीत बांधलेले बॉल, भिंतीला टेकवलेले कॉर्नरचे झेंडे, खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलेली बिब्स. क्लबचं सगळं बघणारे काका लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हणाले, "इथे काय टाकू रे? प्रोफेशनल का अमॅच्युअर?"

"अमॅच्युअर," मी म्हणालो. एवढा एक शब्द बोलायला मला बराच वेळ लागला. पहिला करार मी २००९ मध्ये केला होता. त्यानंतर पंधरा वर्षं, सहा गावं, आठ क्लब. सगळीकडे जागा एकच, पुढची. स्ट्रायकर.

काकांनी विचारलं, शेवटची मॅच कधी झाली? मार्चच्या अखेरीस, केरळात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. फिफाच्या नियमानुसार व्यावसायिक खेळाडूला शेवटच्या व्यावसायिक सामन्यानंतर किमान ३० दिवस गेल्याशिवाय हौशी म्हणून नोंदणी करता येत नाही. नियम मी ऐकून होतो, पण तो एक दिवस मलाही लागेल हे कधी मनात आलं नव्हतं. "मग महिनाभर घरी जेव," काका म्हणाले. "आईच्या हातचं सलग महिनाभर शेवटचं कधी खाल्लं होतंस?"

ते तीस दिवस आणि त्याआधीची पंधरा वर्षं लिहून ठेवतोय, कारण इथली फुटबॉल खेळणारी मुलं भेटली की एकच गोष्ट विचारतात, ट्रायल कशी द्यायची? त्याच्यापुढे काय असतं ते कुणी विचारत नाही.

आमचं घर दांडिया बाजारात. बाबा जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब करायचे, मलाही सहाव्या वर्षी तिथेच नेऊन घातलं. बाकी बडोदा क्रिकेटचं. विजय हजाऱ्यांपासून किरण मोरे, इरफान-युसूफ, हार्दिक-कृणालपर्यंत नावं घ्यावीत तेवढी थोडी. आमच्या वाड्यातल्या प्रत्येक मुलाच्या हातात बॅट होती. मी मात्र पोलो ग्राउंडवर एकदा मोठ्या मुलांचा बॉल बाहेर गेला म्हणून लाथेने परत मारला आणि तिथेच अडकलो. पहिले स्टड्स आजीने घेऊन दिले, रावपुऱ्यातल्या दुकानातून. बाबा किंमत ऐकून गप्प झाले तेव्हा ती म्हणाली, "हौसेला मोल नसतं." अमॅच्युअरला मराठीत हौशी म्हणतात ते मला खूप नंतर कळलं.

२००८ मध्ये, सतराव्या वर्षी, मुंबईत ट्रायलला गेलो. आम्ही चाळीसेक मुलं होतो. पाठीवर नंबर, नाव कुणालाच माहीत नाही, प्रत्येकाला वीस मिनिटं. आता यातली खरी अडचण सांगतो. बचाव करणाऱ्या मुलाला वीस मिनिटांत दहा वेळा बॉल अडवायला मिळतो. गोलकीपरला शॉट येतातच. स्ट्रायकरला बॉल कुणीतरी द्यावा लागतो, आणि ट्रायलमध्ये कुणी कुणाला बॉल देत नाही, कारण प्रत्येकाला स्वतः दिसायचं असतं. पहिली सात-आठ मिनिटं मी नुसता धावलो. मग लक्षात आलं की चौदा नंबरचा एक किडकिडीत मुलगा बॉल पायात आला की आधी मान वर करतो. बाकी सगळे मान खाली घालून पळत होते. मी त्याच्या नजरेच्या रेषेत जाऊन उभा राहायला लागलो. त्याने मला तीन बॉल दिले. एक मी बाहेर मारला, एक बारला लागला, एक आत गेला. मला ठेवून घेतलं. त्याला नाही. त्याचं नाव मी विचारलंच नाही, याची खंत अजून जात नाही.

मुंबईत तेव्हा कंपन्यांच्या आणि बँकांच्या टीम होत्या. तरुण मुलांना स्टायपेंड मिळायचा, पुढेमागे नोकरी मिळेल ही आशा असायची. आमच्या खोलीत सहा जण राहायचो. २०१० मध्ये महिंद्रा युनायटेड बंद झाला, पुढच्या वर्षी फगवाड्याचा जेसीटी. राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेल्या टीम होत्या या. त्या वर्षी आमच्या खोलीतल्या दोघांनी बुटं गुंडाळून रेल्वेच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये उरुग्वे-घाना मॅच आम्ही एका छोट्या टीव्हीवर बघितली. शेवटची पेनल्टी, सगळं जग डोळ्यांत प्राण आणून बघतंय, आणि सेबास्टियन अब्रेऊने बॉल हलकेच चिमटून मधोमध टाकला. मला तो माणूस तेव्हा माहीतही नव्हता. पुढे वाचलं की तो क्लबमागून क्लब बदलत अकरा देशांत खेळला, आणि २०१७ मध्ये चिलीच्या ऑडॅक्स इटालियानोशी करार केला तेव्हा तो त्याचा २६ वा क्लब ठरून गिनीजमध्ये विक्रम नोंदला गेला.

लोक मला विचारतात की एका जागी टिकून का नाही राहिलास. स्ट्रायकरचं काम आकड्यात मोजतात, म्हणून तो सगळ्यांत जास्त फिरतो. टीम हरायला लागली की मालकाला पहिली गोष्ट दिसते ती गोल होत नाहीत ही, आणि जानेवारीत क्लब बदलायची खिडकी उघडली की पहिला फोन नव्या स्ट्रायकरला जातो. म्हणजे कुणीतरी जुना स्ट्रायकर सामान बांधतो. सुनील छेत्रीचा रस्ता बघा. २००२ मध्ये मोहन बागान, मग जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो, अमेरिकेत कॅन्सस सिटी, पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंगची ब टीम, चर्चिल ब्रदर्स, आणि २०१३ मध्ये बंगळुरू. त्याच्यासारख्या माणसालाही अकरा वर्षं घर सापडलं नाही.

गोव्याला मी २०११ मध्ये गेलो. ओखा-एर्नाकुलम गाडीने, आईने दिलेली भाकरवडी आणि लिलो चेवडा घेऊन. कोकणी कानाला परकी वाटली नाही, आठवड्याभरात रुळलो. तिथे आमचा राइट विंगर, म्हणजे उजव्या कडेने पळणारा, लवकर क्रॉस मारायचा, कडेवरून बॉल गोलसमोर टाकायचा. बॉल मिळाला की दुसरा विचार नाही, हाफलाइन ओलांडली की लगेच आत. म्हणजे मला त्याच्याआधी निघावं लागायचं, नियर पोस्टकडे, म्हणजे क्रॉस येतो त्या बाजूच्या खांबाकडे, बचावपटूच्या पुढून. कोच रोज सकाळी मला एकट्याला थांबवून हेच करून घ्यायचे. बॉल बघून धावायचं नाही, विंगरचा पाय मागे गेला की धावायचं. पहिल्या मोसमात नऊ गोल झाले, त्यातले सहा त्याच्या क्रॉसवर. मला वाटलं, मला गोल करता येतात.

मग कोलकाता. तिथलं सगळं वेगळं. लीग पावसाळ्यात, मैदान म्हणजे चिखल, क्लबांचे तंबू शेजारी शेजारी, आणि सरावालासुद्धा म्हातारे समर्थक छत्र्या घेऊन हजर. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी मला थांबवून माझी गोव्यातली मॅच कशी होती ते सांगितलं. त्यांना माझे गोल मिनिटांसकट पाठ होते.

आणि मी अकरा मॅच गोलच केला नाही.

लेफ्टला आमच्याकडे एक बंगाली विंगर होता, वयाने माझ्याहून सहा वर्षं मोठा, सगळे त्याला दादा म्हणायचे. त्याचा क्रॉस चांगला होता, पण मी पोचायचो तेव्हा बॉल आलेलाच नसायचा, आणि बॉल यायचा तेव्हा मी पुढे निघून गेलेलो असायचो. वर्तमानपत्रात छापून आलं की मी जागा चुकतो. मी रात्री खोलीत बसून विचार करायचो की पाय जड झाले का, वजन वाढलं का. एका संध्याकाळी सराव संपल्यावर पाऊस लागला आणि आम्ही दोघं तंबूच्या दाराशी अडकलो. मी त्याला मोडक्या हिंदीत विचारलं, दादा, तू थांबतोस का? तो म्हणाला, थांबत नाही, बघतो. त्याने चिखलात उतरून दाखवलं. बॉल मिळाला की पहिला स्पर्श बाहेर, दुसरा आत, मग उजवा खांदा खाली, आणि मगच डावा पाय. दर वेळी तस्संच. बावीस वर्षांचा असताना घोटा मोडला होता, तेव्हापासून तो दुसरा स्पर्श घेतल्याशिवाय त्याला डावा पाय टाकता येत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी धावणं बदललं. दोन पावलं मागे, लांबच्या पोस्टच्या बाजूला सरकायचं, बचावपटूला वाटू द्यायचं की मी थकलोय, आणि नजर बॉलवर न ठेवता दादाच्या उजव्या खांद्यावर. खांदा खाली गेला की निघायचं. बाराव्या मॅचमध्ये त्र्याहत्तराव्या मिनिटाला डोक्याने गोल झाला. चिखलाने डोळे भरले होते, जाळी हललेली मी बघितलीच नाही, आवाजावरून कळलं. तिथे तीन मोसम राहिलो ते त्या खांद्यामुळे. गोव्यातले सहा गोलही मी कुणाच्या पायातून आणले होते, हे मला कोलकात्यात उमगलं.

या सगळ्याच्या मागे कागद असतात. करार संपायला सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी बोलता येतं. करार संपला की मोकळं होता येतं, जुन्या क्लबला ट्रान्सफर फी द्यावी लागत नाही. हे साधं वाटतं, पण बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉस्मन नावाच्या खेळाडूला त्यासाठी पाच वर्षं कोर्टात झगडावं लागलं. निकाल डिसेंबर १९९५ चा. निकाल युरोपातला, पण त्याने सगळ्या जगाचे नियम बदलले. त्या माणसाचं स्वतःचं खेळणं मात्र त्यात संपलं. तेव्हा मी चार वर्षांचा होतो. प्रत्येक नव्या करारावर सही करताना मला त्याची आठवण यायची, खरंच यायची.

मिझोराममधल्या ऐझॉलला जायला तर देशातल्या देशात परवाना लागतो. इनर लाइन परमिट. लेंगपुई विमानतळावर उतरून रांगेत उभं राहून आधी तात्पुरता, मग क्लबने हमी घेतल्यावर मोठ्या मुदतीचा. आईला फोनवर सांगितलं तर ती घाबरली, "परदेशात गेलास की काय?" तिथे डोंगराच्या कडेवर मैदानं, त्यावर कृत्रिम हिरवळ, आणि रविवारी सगळं गाव बंद, चर्चमधलं गाणं तेवढं ऐकू येतं. २०१७ मध्ये ऐझॉल एफसी आय-लीग जिंकला तेव्हा मी तिथे होतो, दुसऱ्या क्लबात. आदल्या वर्षी खालच्या फळीत ढकलली गेलेली टीम देशाची विजेती झाली होती. रस्त्यावर उतरलेल्या माणसांत मीही रडत होतो. खेळ म्हणाल तर तिथले विंगर क्रॉस मारतच नाहीत, शेवटच्या रेषेपर्यंत जातात आणि जमिनीलगत मागे देतात. म्हणजे सगळे गोलकडे धावत असताना मी थांबायचं. सव्विसाव्या वर्षी थांबायला शिकलो. भाषा येत नव्हती. आमच्या विंगरने दोन बोटं खाली केली की मागे बॉल येणार, एवढीच आमची बोली. ती तीन वर्षं पुरली.

२०१९ च्या जुलैमध्ये ज्या क्लबात गेलो त्याचं आणि त्या गावाचं नाव लिहीत नाही. पगार दोन महिने आला. ऑक्टोबरचा आला नाही, नोव्हेंबरचा आला नाही. "पुढच्या आठवड्यात" हे शब्द मी तिथे इतके ऐकले की आजही कुणी बोललं तर पोटात गोळा येतो. बायको तेव्हा बडोद्यात, मुलगी दीड वर्षाची. खेळाडूंना वाटतं की पगार थकला तर सहन करायचं, नाहीतर नाव खराब होतं. आमचा गोलकीपर वयाने मोठा होता, त्याने मला बसवून समजावलं. २०१८ पासून फिफाच्या नियमात कलम आहे. किमान दोन महिन्यांचे पगार थकले तर खेळाडूने लेखी नोटीस द्यायची, पैसे भरायला किमान पंधरा दिवस द्यायचे, तरी भरले नाहीत तर करार मोडायचं योग्य कारण खेळाडूकडे असतं.

नोटीस लिहायला बसलो तर कराराची प्रतच माझ्याकडे नव्हती. सही झाल्यावर दोन्ही प्रती ऑफिसात राहिल्या होत्या, मागितल्या तर आज-उद्या चाललं होतं. रात्री बायकोला फोन केला. ती म्हणाली, "थांब." सहीच्या दिवशी ती माझ्याबरोबर होती आणि तिने प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला होता, आठवण म्हणून. एका फोटोत पानाच्या कडेला मुलीचा हात आला होता. तेच फोटो, बँकेचं पासबुक आणि नोटिशीची पोचपावती घेऊन प्रकरण भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्लेअर्स स्टेटस कमिटीकडे गेलं, खेळाडू आणि क्लबांचे वाद तिथे जातात. सगळे पैसे मिळाले नाहीत. बरेच मिळाले, २०२१ मध्ये. मुलांनो, सही केल्या जागेवरून आपली प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका. एवढी एक गोष्ट जरी लक्षात ठेवलीत तरी हे लिहिण्याचं चीज झालं.

मधल्या काळात टाळेबंदी आली आणि मी दांडिया बाजारातल्या गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारत होतो. आयएसएलचे, म्हणजे इंडियन सुपर लीगचे, दोन मोसम सगळे सामने गोव्यातच झाले, बंद दाराआड. तेव्हा मी बार्थोलोम्यू ओग्बेचेच्या मॅच वहीत टिपून बघितल्या. नायजेरियाचा, सतराव्या वर्षी २००२ चा वर्ल्ड कप खेळलेला, पॅरिसपासून किती देश फिरून भारतात आलेला. इथे नॉर्थईस्ट, केरळ, मुंबई, हैदराबाद असे चार क्लब, आणि २०२१-२२ मध्ये सदतिसाव्या वर्षी हैदराबादकडून १८ गोल मारून सगळ्यांत जास्त गोलांचा गोल्डन बूट. तो फार धावायचा नाही. तो सामन्याच्या सुरुवातीला आपल्याच माणसांकडे बघायचा. बाबा शेजारी बसून म्हणाले, "हा मल्लखांबावर चढण्याआधी खांब चाचपून बघतात ना, तसं करतोय." बाबा फुटबॉलवर आयुष्यात बोलले ते एवढंच, आणि माझ्या सगळ्या कोचनी मिळून सांगितलं ते त्यात आलं.

केरळातली तीन वर्षं चांगली गेली. मलप्पुरमला रात्री दिव्यांखाली सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणांच्या, मॅच बघायला जायचो, उघड्यावर उभारलेल्या तात्पुरत्या गॅलऱ्या, माणसं खांद्याला खांदा लावून. गुडघा मात्र दुसऱ्या वर्षापासून बोलायला लागला. तिसऱ्या वर्षी करार वाढवायचा का असं क्लबने विचारलं आणि मीच नको म्हणालो. त्यांनी शेवटच्या मॅचला मला पूर्ण नव्वद मिनिटं खेळवलं. गोल झाला नाही.

तर ते तीस दिवस. खेळता येत नव्हतं, पण बघायला कुणाची बंदी नव्हती. रोज संध्याकाळी उन्हं उतरल्यावर मी मैदानात जायचो आणि गोलच्या मागे, जाळीला टेकून बसायचो. टीममधली बरीच मुलं नोकरी करणारी, मकरपुऱ्याच्या कारखान्यांतून थेट येणारी, सॅकमध्ये डबा आणि बुटं एकत्र. डाव्या बाजूला एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता, कॉलेजात शिकणारा, गुजराती. भयंकर वेगवान. पण त्याच्या क्रॉसवर कुणी पोचत नव्हतं आणि सगळे त्यालाच बोलायचे. पहिले चार-पाच दिवस मला काही सापडलं नाही. खांदा स्थिर, मान खाली, पाऊल कधी दोन कधी तीन. मी जागा बदलली, कॉर्नरच्या झेंड्याशी जाऊन बसलो. दहाव्या दिवशी दिसलं. क्रॉस मारायच्या आधी त्याचा डावा कोपर बाहेर येतो, पंख उघडल्यासारखा. नुसतं पुढे पळायचं असेल तेव्हा येत नाही. त्याला स्वतःला हे माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर त्याने कोपर आवळून धरला असता.

एकविसाव्या दिवशी मुलगी माझ्याबरोबर आली. जाळीला नाक लावून विचारलं, "बाबा, तू का नाही खेळत?" म्हटलं, नऊ दिवसांनी. ती घरी जाऊन कॅलेंडरवर रोज एक चौकोन रंगवायला लागली. येताना आम्ही लारीवर शेवउसळ खाल्ली. तिने तिखट तर्री अजिबात नको म्हणून सांगितलं आणि माझ्या बशीतली मात्र पावाला लावून चाखली.

मे उजाडला. काकांनी लॅपटॉप उघडला, अमॅच्युअरवर टिचकी मारली, माझा फोटो चढवला. आठवड्यात नोंद झाली. पहिली मॅच संध्याकाळची, शे-दीडशे माणसं, त्यात आई आणि बाबा, आयुष्यात पहिल्यांदा दोघं एकत्र माझी मॅच बघायला. माझ्या पाठीवर नऊ नंबर, गुडघ्याला पट्टा. अर्ध्या तासात मला चार वेळा बॉल आला, चारही वेळा पाठ गोलकडे. मग आमच्या मिडफिल्डरने डावीकडे लांब बॉल टाकला. मुलगा पळाला, त्याच्यावर एक बचावपटू, माझ्याबरोबर दोन. मी दोन पावलं मागे आलो आणि बॉलवरची नजर काढली. त्याचा डावा कोपर बाहेर आला.

मी निघालो.